पाट परत नेऊन ठेवा

हवाई दलात मी वीस वर्षं काढली, पण त्यातली अकरा वर्षं विमानांशी माझा संबंध फक्त आवाजापुरता होता. मी कार्यालयात बसायचो. माझ्या ताब्यात एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात तळावरच्या प्रत्येक माणसाचं एक कार्ड. माणसाला काही झालं तर कोणाला कळवायचं, ते त्या कार्डावर असायचं. नाव, नातं, पत्ता, फोन. दर सहा महिन्यांनी मी प्रत्येकाला बोलावून विचारायचो, "हे सगळं अजून खरं आहे का?" लोक वैतागायचे. एक जण म्हणाला होता, "सार्जंट, तुम्ही आमच्या मरणाची फार काळजी घेता." मी म्हणालो, "मरणाची नाही, पत्त्याची."

त्या कपाटामुळे मला आपल्या लोकांची एक खोड कळली. रत्नागिरी-रायगडकडची माणसं पत्ता विचारला की गावचा सांगतात. जन्म परळचा, शाळा भाईंदरची, मतदान मीरा रोडला. तरी कार्डावर मु. पो. अमुक, तालुका तमुक. विचारलं तर म्हणतात, "कायमचा पत्ता तोच ना!" तिथे असतं काय? वर्षातले साडेअकरा महिने कुलूप. मी हसण्यात अर्थ नाही. माझ्या स्वतःच्या कार्डावर सहा वर्षं रायगडमधल्या गावाचा पत्ता होता आणि बायको मीरा रोडच्या शांती नगरात राहत होती. एका तपासणीत माझंच कार्ड माझ्या हातात आलं, तेव्हा मी गुपचूप खोडून दुरुस्त केलं.

एकोणचाळिसाव्या वर्षी निवृत्त झालो, बँकेत लागलो. माजी सैनिकांच्या एका यादीत नाव देऊन ठेवलं होतं: मीरा-भाईंदर भागात कधी घरी जाऊन निरोप द्यायचा असेल, मराठी बोलणारं माणूस लागलं, तर मला सांगा. बारा वर्षं कोणी सांगितलं नाही.

मग सीमेवर लढाई सुरू झाली. लढाईचा नववा दिवस, सोमवार. बँकेत निघालो होतो, पावणेनऊला फोन आला. एक हेलिकॉप्टर जखमींना आणायला गेलं होतं, ते आदल्या दुपारपासून परतलं नव्हतं. आत चौघे. त्यांतला एक सव्वीस वर्षांचा मुलगा, लग्न झालेलं नाही, वडील नाहीत, आई भाईंदर पूर्वेला. एक अधिकारी निरोप घेऊन निघालाय, तुम्ही सोबत जाल का?

"पत्ता?" मी विचारलं.

पत्ता रत्नागिरीतल्या एका गावाचा होता. त्याखाली पेन्सिलीने, जेसल पार्क आणि इमारतीचं नाव. पेन्सिलीचा पत्ता बघायच्या आधी पेनाच्या पत्त्यावर निरोप निघून गेला होता. तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून गावच्या पोलीस पाटलाला फोन झाला होता. थांबवायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

मी हिशेब केला. पोलीस पाटील घरी जाणार, घराला कुलूप, म्हणून शेजारी भावकीत सांगणार. भावकीतलं कोणीतरी आईला फोन लावणार. गावात रेंज एसटीच्या थांब्यावरच मिळते असं धरलं, तरी साडेदहाच्या पुढे वेळ नाही. त्या बाईला काय कळायचं ते फोनवर, एकटीला, रडणाऱ्या माणसाच्या तोंडून कळता कामा नये. एवढंच माझं काम होतं आणि ते मला जमतं हे मला माहीत होतं. नोकरीत असताना मी अशा तीन घरांत गेलो होतो.

अधिकाऱ्याला फोन केला. तो तिशीच्या आतला, उत्तरेकडचा. "अंकल, घोडबंदर रोड पे फँसा हूँ. ट्रेलर पलटा है."

"सर, आप आइए. तब तक मैं घर ढूँढके रखता हूँ."

घर शोधणं सोपं नव्हतं. पत्त्यात इमारतीचं नाव होतं, आणि तिथे त्या एकाच नावाच्या सात इमारती होत्या, एक ते सात. कार्डावर क्रमांक नाही. वॉचमनला आडनाव विचारलं असतं तर पाच मिनिटांत सगळ्या सोसायटीला कळलं असतं की कोणीतरी चौकशी करतंय. लढाईच्या दिवसांत लोकांचे कान तसेही ताठ असतात. मी जरा विचार केला आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेलो. सुट्टी संपवून निघणारा पोरगा आदल्या दिवशी युनिफॉर्म इस्त्रीला देणारच.

"वो नीली वर्दीवाला लड़का इधर कौनसे नंबर में रहता है? मैं भी एअरफोर्स का हूँ."

"पाँच नंबर, चौथा माला. लिफ्ट नहीं है, चाचा. उसकी क्रीज़ मैं ही बनाता हूँ, बहुत किटकिट करता है. छुट्टी पे आया क्या?"

"नहीं," मी म्हणालो आणि निघालो.

अधिकारी दहा वाजून पाच मिनिटांनी आला. गाडी लांब लावायला सांगितली. जिने चढताना तो म्हणाला, "अंकल, पहली बार है मेरा." मी त्याला सांगितलं ते असं: दारात काही बोलायचं नाही. आत गेल्यावर पहिल्याच वाक्यात बातमी सांगायची, हवापाणी नाही. जेवढं माहीत आहे तेवढंच. 'सब ठीक हो जाएगा' म्हणायचं नाही, कारण आपल्याला माहीत नाही. आणि पाणी मागायचं नाही, तिला उठायला लागेल. बहात्तर पायऱ्या होत्या. शेवटच्या जिन्यावर त्याने टोपी सारखी केली.

दार उघडणारी बाई पन्नाशीची, ठेंगणी, हातात पळी. सेफ्टी डोअरच्या जाळीतून तिने आधी त्याचा युनिफॉर्म बघितला, मग माझा चेहरा. कडी काढली आणि आत वळून गॅस बंद केला.

अधिकाऱ्याने सॅल्यूट केला. मी म्हणालो, "ताई, तुमचा मुलगा ज्या हेलिकॉप्टरमध्ये होता ते काल दुपारी परत आलं नाही. ते कुठे आहे ते अजून कळलेलं नाही. आत चौघे होते, चौघांपैकी कोणाचाच पत्ता लागलेला नाही. शोध चालू आहे."

ती खुर्चीवर बसली. पळी अजून हातात होती.

"गेला ना?"

"ते मला माहीत नाही."

"माहीत नाय म्हणजे काय ओ? मी बावीस वर्षं हॉस्पिटलात आया आहे. बाहेर डॉक्टर नातेवाइकांना 'सिरीयस आहे' सांगत असतात ना, तेव्हा आत मी बॉडी पुसत असते. मला नका शिकवू. सरळ बोला."

अधिकाऱ्याला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. तो माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगायचं तर या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. आधीच्या घरांतली माणसं आशेला चिकटली होती, त्यांना खाली आणावं लागलं होतं. ही बाई आधीच तळाला जाऊन बसली होती.

"ताई," मी म्हणालो, "मी याआधी तीन घरांत गेलोय. दोन घरांत मी 'गेला' असंच सांगितलं. याच शब्दांत. तिसऱ्या घरात माणूस जखमी होता, तिथे जखमी सांगितलं. तुमचा मुलगा गेला असं मला कळलं असतं, तर मी आता तेच बोललो असतो."

"तोंडावर सांगितलंत?"

"तोंडावर."

"मग ती बाई काय म्हणाली?"

"एकीने माझ्या थोबाडीत मारली."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "बरं केलंन," ती म्हणाली. आणि मग पळी टेबलावर ठेवली.

त्यानंतर तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. वॉर्डात केसपेपर वाचतात तसे, एकेक. चौघे म्हणजे कोण कोण? किती वाजता शेवटचं बोलणं झालं? डोंगर आहे की सपाट? थंडी? खायला किती दिवसांचं असतं? मी अधिकाऱ्याला हिंदीत विचारायचो, तो सांगायचा, मी मराठीत सांगायचो. अर्ध्या प्रश्नांना उत्तर नव्हतं. मग मी खिशातून कागद काढला, मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'माहीत आहे', उजवीकडे 'माहीत नाही'. डावीकडे पाच ओळी झाल्या, उजवीकडे आठ. 'जिवंत आहे की नाही' ही ओळ मी उजवीकडे लिहिली आणि कागद तिच्यासमोर ठेवला. ती वाचत होती तेवढ्यात टीव्हीच्या कपाटावरचा फोन थरथरायला लागला. पडद्यावर 'भावजी गाव'. दहा पस्तीस.

"ताई, हा फोन मघाशीच येणार होता," मी म्हणालो. "गावाला आधी कळलंय. चुकीचं कळलं असेल."

तिने फोन उचलून स्पीकरवर टाकला. पलीकडे धाकट्या दिराचा आवाज, मागे बायकांचा कालवा.

"वैनी! वैनी, धीर धरा गो. पाटील येऊन सांगून गेला. आपला पोरगा गेला!"

"पाटील काय म्हणाला? शब्द काय होता?"

"अं? शब्द... बेपत्ता म्हणाला. पण वैनी, विमानातला माणूस बेपत्ता म्हणजे आपण काय ते समजायचं ना. आम्ही सुतक धरलंय. गणपतीच्या शाळेत जाऊन पाटपण परत आणला."

इथे सांगायला हवं. कोकणात मूर्तिकाराच्या कारखान्याला गणपतीची शाळा म्हणतात. गणपतीच्या बरेच दिवस आधी प्रत्येक घर आपला पाट तिथे नेऊन ठेवतं आणि त्या पाटावरच त्या घराची मूर्ती बसते. यांच्या भावकीचा गणपती एकच, थोरल्या घरातला. भावकीत कोणी गेलं की सगळ्यांना सुतक आणि सुतकात गणपती नाही. पाट परत आणला याचा अर्थ ती वाडी पोराला मेलेला ठरवून मोकळी झाली होती. चतुर्थीला बारा दिवस होते, सुतक तेरावं होईपर्यंत.

तिचा चेहरा मी बघत होतो. आतापर्यंत ती स्वतःच 'गेला ना' म्हणत होती. दिराने तेच म्हटल्यावर तिचा आवाज वेगळा निघाला.

"भावजी, तुमची म्हैस गेल्या साली रानातनं चार दिवस आली नव्हती. तिचं तेरावं घातलं होतंत?"

"वैनी, म्हशीचं काय..."

"घातलं होतंत का?"

"नाय."

"मग माझ्या पोराचं एका दिवसात कशाला? पाट परत नेऊन ठेवा."

"आणि गणपती घरात असताना कळलं तर? मग काय करायचं? अर्ध्यात उठवायचा? लोक काय बोलतील?"

प्रश्न खोटा नव्हता. तो माणूस घाबरला होता आणि त्याच्या डोक्यात उद्याचं सगळं एकदम आलं होतं. तिने फोन माझ्यापुढे धरला. "ह्यांच्याशी बोला. एअरफोर्सचे आहेत."

"तुम्ही कोण?" दिराने विचारलं.

"निवृत्त सार्जंट. माझ्या हातात कागद आहे, तो वाचतो. ऐका." मी तेरा ओळी वाचल्या, डावीकडच्या आणि उजवीकडच्या. मागचा कालवा हळूहळू थांबला. कोणीतरी "काय म्हनतो?" विचारलं, कोणीतरी "गप र्‍हा" म्हणालं.

"मग सुतक नाय?" दीर म्हणाला.

"सुतकाचं मला विचारू नका, ते माझ्या कागदावर नाही. तुमचा पुतण्या गेला असं कोणीही सांगितलेलं नाही, एवढं लिहून घ्या. आणि ताईंना दर तासाला फोन करून रडू नका. रोज संध्याकाळी सात वाजता मी इथे येणार. नवीन काही असलं तर सांगणार, नसलं तर नाही म्हणून सांगणार. तुम्ही साडेसातला फोन करा."

रोज यायचं हे मी बोलता बोलता ठरवलं. पण बोललो म्हणजे बोललो.

"पाट," ती फोनकडे वाकून म्हणाली.

"नेतो, वैनी."

"आज."

"अहो हो, आज. जेवून जातो."

"जेवायच्या आधी."

त्या दिवशीपासून बँकेतून मी आधी भाईंदरला उतरायचो, बहात्तर पायऱ्या चढायचो, सात वाजता बेल वाजवायचो. सुरुवातीला चार दिवस माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. मी तेच सांगायचो. ती चहा द्यायची. कधी ती ड्यूटीवर असली तर शेजारच्या गुजराती काकी दार उघडून बसलेल्या असायच्या, "बेन आवे छे, बेसो." शुक्रवारी अधिकाऱ्याचा फोन आला: हेलिकॉप्टर वरून दिसलं, डोंगराच्या उतारावर, पडलेलं. जवळ कोणी पोचू शकलेलं नाही. 'हेलिकॉप्टर कुठे आहे' ही ओळ उजवीकडून डावीकडे गेली. मी ती खोडून पुन्हा लिहिताना तिने विचारलं, "जळलंय?"

"शेपटीकडचा भाग जळलाय. पुढचा नाही."

"तो कुठे बसतो?"

"मध्ये."

चहा उकळून गेला होता, तो तिने ओतून टाकला आणि दुसरा ठेवला. मला तो चहा नको होता, पण मी घेतला.

घरी बायको म्हणायची, "तुम्ही तिला खोटी आशा लावताय." मी म्हणायचो, "मी काहीच लावत नाही. आहे ते सांगतो." बायको म्हणाली, "रोज जाणं म्हणजेच आशा लावणं." असेलही. पण न जाणं म्हणजे काय लावणं झालं असतं, ते मला कोणी सांगितलेलं नाही.

दहाव्या संध्याकाळी, बुधवारी, मी बेल वाजवायच्या आधीच दार उघडं होतं. ती हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभी होती, साडी बदललेली.

"चार वाजता फोन आला. त्याचा स्वतःचा. पाय मोडलाय, बोटं सुजलीत, पण बोलला माझ्याशी. 'आई, काय करतेस' म्हणाला. बघा मेल्याला!"

"मला फोन का नाही केलात?"

"तुम्ही सातला येणारच होतात ना. काढा तो कागद, लिहा."

मी कागद काढला, पेन काढलं आणि थांबलो. "ताई, एक मिनिट. अधिकाऱ्याला विचारतो, मग लिहितो."

"अहो, मी आई आहे त्याची! आवाज ओळखत नाय होय?"

"ओळखता. पण विचारतो."

"धन्य तुमची," ती म्हणाली, पण हसत होती. मी गॅलरीत जाऊन फोन लावला. अधिकाऱ्याने सांगितलं, हो, खरं आहे. दोघे मिळाले, दोघे जिवंत. उतारावरून खाली एका गुराख्याच्या दगडी आडोशात होते. बाकीचे दोघे हेलिकॉप्टरमध्येच होते, पुढच्या भागात. त्यांच्या घरी दुपारी कळवलं.

आत आलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबवलं. "बाकीचे?"

"एक जण तुमच्या मुलाबरोबर आहे, जिवंत आहे. दोघे गेले."

बॉक्सचं झाकण उघडलेलं होतं. तिने ते लावलं.

"त्यांच्या घरी किती वाजता सांगितलं?"

"दुपारी. नेमकी वेळ माहीत नाही."

"मी चार वाजता गॅलरीत जाऊन ओरडत होते. सगळ्या बिल्डिंगीला." ती खुर्चीवर बसली. मग बोटांवर मोजायला लागली. "आज, उद्या, परवा. तेरवा गणपती. बसतं."

"काय बसतं?"

"तीन दिवसांचं धरते. लांबच्या नात्याचं तीन दिवसांचं असतं."

साडेसातला दिराचा फोन आला. त्याला चारलाच कळलं होतं, वाडीत फटाके वाजत होते. "वैनी, गाडी कुठली धरताय? उद्या सकाळची? नैवेद्याला तुम्हीच हव्यात!"

"परवा रात्रीची धरते. तोवर मला सुतक आहे."

"वैनी, आता कसलं सुतक? पोरगा आहे ना!"

"बरोबरच्या दोघांचं."

"ते आपले कोण?"

"कोणी नाय. दहा दिवस त्यांच्या आया आणि मी ह्यांच्या कागदावर एकाच ओळीत होतो." आणि तिने कागदावर बोट ठेवलं: चौघांपैकी कोणाचाच पत्ता नाही. "तुम्हाला नाय धरायचं. तुम्ही आरास करा. मी एकटीने धरलंय."

मी मग ती ओळ खोडली आणि डावीकडे दोन ओळी लिहिल्या. एक जिवंत दोघांची, एक गेलेल्या दोघांची. उजवीकडच्या बाकी ओळी खोडल्या, तिथे काही उरलं नाही. कागद तिने घडी करून ठेवला, कुठे ते मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझं तिथे काही काम नव्हतं. तरी गुरुवारी सातला गेलो, कारण रोज येईन म्हटलं होतं आणि शेवटचा दिवस ठरवला नव्हता. तिने दार उघडलं. कपाळावर रोजची टिकली नव्हती, देव्हाऱ्यावर पडदा ओढलेला.

"बसा," ती म्हणाली. "आज चहाचं विचारत नाय. सुतकाच्या घरचं घेत नाय कोणी."

मी बसलो. तिने मला मुलाच्या पायाचा एक्स-रे दाखवला, त्याने मोबाइलवर पाठवला होता, आणि कुठे मोडलाय ते समजावून सांगितलं. मग तिने त्या दोघांची गावं विचारली. एक बिहारमधलं, एक केरळमधलं, एवढंच मला कळलं होतं. तिने ती दोन्ही राज्यांची नावं एकदा पुटपुटली. दहा मिनिटांनी मी उठलो. ती जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "उद्यापण या. परवा मी गावाला असेन."

शुक्रवारीही गेलो.